निवृत्तीचा हात हलवणारे चाक

मी एक जुने लाकडी चाक आहे. पण मला गाडीला लावाल तर गाडी वेशीपर्यंतही पोचणार नाही. कारण मी गोल नाही. एका अंगाने फुगीर आणि दुसऱ्या अंगाने चेपलेला असा माझा आकार आहे. मित्रांनो, सध्या मी नांदुऱ्यातल्या एका गणेश मंडळाच्या कोठीत, फाटक्या कनातींखाली पडून असतो. फार थकलो आहे. तरी माझा जन्म कशासाठी झाला, तेवढे सांगतो.

चीनशी लढाई झाली, त्यातून इथला निवृत्ती नावाचा जवान परत आला नाही. पुढच्या गणपतीत मंडळाने त्याचा हलता देखावा करायचे ठरवले. आगगाडीची खिडकी, खिडकीत निवृत्तीचा मातीचा पुतळा, आणि तो हात हलवून गावाचा निरोप घेतो आहे. पडद्यामागे एकाने चाक फिरवायचे. चाकावर उभी दांडी टेकलेली. दांडी वर गेली की पुतळ्याचा हात वर. काम सहदेव सुतारांकडे होते. त्यांनी साध्या गोल चाकाला एक खुंटी ठोकली. ती दांडीला लागली की हात ताडकन उडे आणि धपकन पडे.

पहिल्याच संध्याकाळी पोरे खिदळली. "पाहा बे, माशा हाकलून राह्यला!"

गर्दीत निवृत्तीची आई जनकाबाई उभी होती. ती कोणावर रागावली नाही. पडद्याजवळ येऊन सहदेवांना एवढेच म्हणाली, "भाऊ, माह्या पोराले हसून राह्यले लोकं. असा नव्हता हो तो हात करत." आणि पदर सावरत घरी गेली.

सहदेव त्याच रात्री पुन्हा कामाला बसले. त्यांनी दुसरे चाक केले. त्याची कड सारख्या चढाने वर जाई आणि सारख्या उताराने खाली येई. आता हात उडत नव्हता, पण टोकाला पोचला की त्याला हिसका बसे. तशा हिसक्यांनी पुतळ्याच्या खांद्याला तडा गेला.

मंडळाचे प्रमुख भगवानराव म्हणाले, "राहू द्या सहदेवभाऊ. हात बांधून टाकू."

"बांधलेला हात पाहून त्या माउलीले काय वाटन?" असे म्हणून सहदेव उठले आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कोकिळाबाईंकडे गेले.

बाईंनी बराच वेळ स्वतःचाच हात वरखाली करून पाहिला. मग म्हणाल्या, "हात एका चालीनं जातच नाही, सहदेवभाऊ. निघताना दमानं निघते, मधात पळते, पोचताना पुन्हा दमानं. तुमचं चाक शेवटपर्यंत पळते अन् एकदम उलटं वळते. म्हणून हिसका बसते."

"पण दमानं म्हंजे किती, बाई? मले तं कड कापा लागते."

बाईंनी वर्गाच्या फरशीवर खडूने उभी रेघ ओढली. दांडी जितकी उचलायची, तितकीच लांब. तिलाच व्यास धरून अर्धवर्तुळ काढले. त्याची कमान सारख्या भागांत वाटली आणि प्रत्येक खुणेपासून आडवी रेघ उभ्या रेघेपर्यंत नेली. मग दोघेही वाकून पाहत राहिले. कमानीवर खुणा सारख्या अंतरावर होत्या. उभ्या रेघेवर मात्र त्या दोन्ही टोकांना दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मधे लांब लांब पांगल्या होत्या.

"हे घ्या तुमचं दमानं," बाई म्हणाल्या.

सहदेवांनी सागवानी फळी घेतली. मधोमध भोक पाडले, भोवती एक लहान वर्तुळ काढले, सारख्या कोनांवर रेघा मारल्या आणि एकेका रेघेवर त्या वर्तुळापासून बाईंच्या खुणेएवढी उंची मापून टिंब दिले; अर्ध्या चाकावर चढत्या क्रमाने, उरलेल्या अर्ध्यावर उतरत्या. टिंबे जोडून जी कड आली ती पटाशीने कोरली, कानशीने घासली. तो मी.

त्या संध्याकाळी सहदेव स्वतः जनकाबाईंना बोलवायला गेले. मी फिरू लागलो. निवृत्तीचा हात खिडकीतून हलकेच उचलला गेला, वेगाने वर आला, वर जाऊन जरासा रेंगाळला आणि तसाच माघारी वळला. पोरे पुढे सरकून पाहू लागली. जनकाबाई जमिनीवर बसली. "हाव," ती म्हणाली, "असाच करे."

मग ती रोज येऊन बसे. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती उठली आणि भगवानरावांना म्हणाली, "आता थांबवा भाऊ. हात दुखून आला असन त्याचा."

भगवानरावांनी मला हळूहळू थांबवले. हात खिडकीच्या काठावर विसावला. कोणी टाळी वाजवली नाही.

पुढे कित्येक वर्षे मी रामाचा बाण उचलला, गवळणीची रवी फिरवली. लोक देखाव्याची वाहवा करत. नंतर विजेची मोटार आली. तिने मला न झेपणाऱ्या वेगाने पळवले, माझी कड झिजली. बाईंची बदली झाली होती, सहदेव वारले होते. नव्या मंडळींतल्या एकाने मला उचलून पाहिले. "हे काऊन वाकडं आहे बे?" म्हणाला, आणि कोपऱ्यात भिरकावले.

मित्रांनो, मला आता फिरायचे नाही. एका बाजूने वाळवी लागली आहे. कधी कोठी साफ करायला आलात आणि मी हाती लागलो, तर चुलीत घालण्याआधी एकच करा. डोळे मिटून माझ्या कडेवरून बोट फिरवा. जिथे चढ लागला हे बोटाला कळतच नाही, तिथे क्षणभर थांबा. ती जागा कापायला सहदेवांना सगळ्यात जास्त वेळ लागला होता.