बैठकीचं खोबरं

खोबऱ्याच्या तुकड्याच्या एका कडेला दातांची खूण होती – चार खळगे, त्यातला तिसरा जरा तिरका. काशीरामचा वरचा एक दात तिरका आहे. बाकीच्या कडा नारळ फुटताना फुटल्या तशाच, ओबडधोबड. आठवडाभरात पांढरा गर आक्रसून पिवळट झाला होता, एका जागी पाठीच्या तपकिरी सालीपासून सुटून वर उचलला होता, आणि त्या फटीत, निरखून पाहिलं तरच दिसावी अशी राखाडी लव धरू लागली होती. बुरशी. कुठली, ते भिंगाखाली धरल्याशिवाय सांगता येणार नाही... सुलक्षणानं वाटी परत जाळीच्या कपाटात साखरेच्या डब्यामागं ठेवली आणि कडी लावली. रोज सकाळी चहाची साखर काढताना ती एवढंच करत होती – बघायचं आणि परत ठेवायचं.

"खा तरी, नाहीतर टाकून तरी दे," काशीराम गंजीफ्रॉकवर दारात उभा होता. "चटणीत वाट. कळणारसुद्धा नाही."

"कुणाला?"

"तुला गं."

ते बैठकीचं खोबरं होतं. गावच्या मुंबईतल्या मंडळाची बैठक घाटकोपरला, एका शाळेमागच्या हॉलमध्ये भरे. निर्णय झाला की ग्रामदेवतेचं नाव घेऊन नारळ फोडायचा, घरटी एक तुकडा द्यायचा, आणि घरातल्या प्रत्येकानं त्यातलं खायचं. खाल्लं म्हणजे मान्य. हात वर करणं नाही, मोजणं नाही – चावायचं आणि गिळायचं. 'नाही' म्हणण्यासाठी काही रीतच नव्हती; देवाच्या नारळाला नाही कोण म्हणणार? काशीरामनं आपल्या वाटचं तिथंच खाल्लं होतं. उरलेलं तिच्या वाटचं. आणि निर्णय होता तो तिच्या थोरल्या बहिणीला, सुगंधाला, वाळीत टाकण्याचा.

"धाकूदादाला मी सांगितलंय, दोघांनी खाल्लं म्हणून," शर्ट चढवत काशीराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं बहुतेक. "माझ्या आईचा विचार कर. गावाला एकटी असते ती. उद्या काही झालं तर उचलायला चार माणसं..."

हे वाक्य तो नेहमी तिथंच सोडत असे. दुसरं एक वाक्य तर तो सुरूही करत नसे – संपात गिरणी गेल्यावर भांडुपच्या कारखान्यात त्याला धाकूनंच चिकटवलं होतं. धाकू मंडळाचा सेक्रेटरी. न बोललेलं ते दुसरं वाक्य डब्याबरोबर पिशवीत घालून काशीराम कामावर गेला.

ती मुलुंडच्या कॉलेजला निघाली. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. इतक्या वर्षांच्या फॉर्मेलिननं बोटांची टोकं कडक झालेली, त्यांना ऊन-गार सावकाश कळायचं. गेल्या रविवारपासून ते बोटांपुरतं राहिलं नव्हतं. बसमध्ये कुणाचा तरी कोपर बरगडीला लागला आणि तो लागला हे तिला पुढच्या थांब्यावर कळलं.

आज झुरळाचं प्रॅक्टिकल होतं. मुलं आपापली झुरळं बाटल्यांत घेऊन आली होती, मुली रुमाल नाकाला लावून उभ्या. तिच्या वेळी तिची झुरळं ताई पकडायची... चाळीच्या मोरीशी सुगंधा उकिडवी बसायची, एका हातात बोर्नव्हिटाची रिकामी बाटली, आणि ओरडायची, 'हा बघ, हा मोठा, मिशीवाला! हा तुला फर्स्ट क्लास देणार!' सगळी चाळ हसायची. स्वतः सातवीनंतर शाळेत गेली नाही, पण झुरळाला तीन जोड्या पाय असतात आणि त्यातला एकही तुटलेला चालत नाही, हे तिनं पाठ केलं होतं. तुटका पाय निघाला की सोडून द्यायची. 'जा बाबा, तू नापास.'

त्याच हाताला आता प्लॅस्टर होतं. नवरा वारल्यावर मानखुर्दची खोली सोडायला तयार नाही म्हणून दिरानं, नंदकुमारनं, तो हात पिरगळला होता. सुगंधा थेट पोलिसात गेली. गुन्हा तो – हात पिरगळणं नव्हे. मंडळाला न विचारता पोलिसात जाणं.

मधल्या सुट्टीत फिजिक्सची रतन चहाचा कप घेऊन समोर बसली. मंगळवारी सुलक्षणानं तिला थोडंसं सांगितलं होतं, प्रयोगाची निरीक्षणं सांगावीत तसं.

"मी विचार करत होते गं. ह्याला इंग्रजीत शब्द आहे. कांगारू कोर्ट!"

"कांगारू?"

"तू प्राणिशास्त्रवाली आणि तुला माहीत नाही? खोटं कोर्ट. निकाल आधी, खटला नंतर. टुणकन उडी मारून सरळ शिक्षेवर!"

कांगारू तिला माहीत होता. त्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं, आंधळं, आणि पुढच्या दोन इवल्या पायांनी आईच्या केसांतून चढत पिशवीपर्यंत जातं. कोर्टाचं काही तिनं ऐकलं नव्हतं. शेवटचा तास मोकळा होता. ती लायब्ररीत गेली आणि जाड शब्दकोश उघडून उभ्याउभ्याच वाचू लागली. तुरुंगातले जुने कैदी नव्या कैद्यावर भरवतात तो खटला. टोळ्या, जमाव भरवतात तो. ऑस्ट्रेलियाशी संबंध दिसत नाही. शब्द सापडतो तो अमेरिकेत, सव्वाशेएक वर्षांपूर्वी, लोक सोन्यामागे धावत होते त्या सुमाराला. दुसऱ्याच्या खाणीत उडी मारून घुसणाऱ्यांवर असे खटले चालत म्हणून, असा एक तर्क. पुराव्यावरून उडी मारतात म्हणून, असा दुसरा. न्यायाधीश कुणाच्या तरी पिशवीत असतो म्हणून, असाही. आणि शेवटी – व्युत्पत्ती अनिश्चित.

हे शेवटचं तिला आवडलं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं. आपली रीत कुठून आली विचारलं असतं तर धाकूनं छाती पुढं काढून सांगितलं असतं, पूर्वापार. तीही अनिश्चितच, फक्त मोठ्या आवाजात.

पण उडीचा तर्क तिला पटेना. कुणी उडी मारली नव्हती. सगळं सावकाश, क्रमानं झालं होतं. गेल्या शनिवारी धाकूच्या घरून येऊन काशीराम म्हणाला होता, "सुगंधाताईला वाळीत टाकायचं ठरलंय."

"ठरलंय? बैठक उद्या आहे ना?"

"हो मग. उद्या ठरवणार."

आणि रविवारी खरंच ठरवलं. देवाला गाऱ्हाणं घातलं, हजेरी झाली, चहा झाला. बायका दाराआड जेवणाच्या तयारीला. बाईनं बैठकीत उभं राहायचं नसतं, तिच्या वतीनं घरातला पुरुष बोलतो. सुगंधाच्या घरातला पुरुष म्हणजे नंदकुमार. त्यानंच तिची बाजू मांडली. 'आमच्या वहिनीची चूक झाली. तिच्या वतीनं मी मंडळाची माफी मागतो.' दाराआड सुगंधा प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून, दातांनी आणि एका हातानं लसूण सोलत होती. तिनं मान वर केली. "ऐकलंस गं? मी माफी मागितली." कुणीतरी फिस्कन हसलं. मग धाकूचा आवाज – तक्रार मागं घेईपर्यंत त्या घरी कुणी जायचं नाही, पाणी प्यायचं नाही... नारळ फुटल्याचा आवाज... आणि शेजारच्या बायका पाट सरकवावा तशा तिच्यापासून बाजूला सरकल्या. सुगंधानं पदर झटकला आणि उठली. जाताना म्हणाली, "ह्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी प्लॅस्टर कापायचंय. येशील?"

"बघते," सुलक्षणा म्हणाली होती.

ताईनं सोललेला लसूण मात्र फोडणीत गेला. सगळे जेवले.

आणि मी? मी कांदा चिरत होते. बारीक, एकसारखा, प्रयोगशाळेत कापतात तसा.

ह्याला आपल्याकडे टोपणनाव का नसावं? परतताना बसच्या खिडकीशी ती हाच विचार करत होती. तिकडे शेजारी खरं कोर्ट दिसत असणार, म्हणून खोट्याला वेगळं नाव पाडावं लागलं. आपण त्याला बैठक म्हणतो. पिशवीचा तर्क राहिला... न्यायाधीशाचं तिला माहीत नव्हतं, पण त्या पिल्लाचं माहीत होतं. आई त्याला उचलून आत ठेवत नाही. आंधळं असतं, तरी आपलं आपण चढत जातं, आणि आत गेलं की दूध असतं, ऊब असते, चार माणसं असतात... चार माणसं कुठून आली? तिनं डोळे मिटले. आतून काहीच हललं नाही. उद्या रविवार. परवा सोमवार.

संध्याकाळी धाकू आला. टेरिकॉटचा शर्ट, कपाळाला गंध, हातात मंडळाच्या पूजेची आमंत्रणं.

"काय गो, बरा मां?" दारातूनच तिला विचारून तो कॉटवर काशीरामशेजारी टेकला. वाईट माणूस नव्हता. तिच्या लग्नात मांडवाचे वासे त्यानंच बांधले होते.

"घोटभर चहा ठेव," काशीराम म्हणाला.

ती आत चहा ठेवू लागली. पडद्यापलीकडून बोलणं येत होतं.

"तुझ्या घराचा सगळ्यांना अभिमान वाटला बघ, काशीराम. सख्खी बहीण, तरी एका शब्दानं... शिकलेली बाई ती शिकलेली बाई! नायतर आमच्याकडची. माहेरचं कुत्रं आजारी पडलं तरी तीन दिवस डोळे पुसते."

काशीराम हसला. जरा जास्तच वेळ हसला.

"आणि ती सुगंधा सोमवारी हॉस्पिटलात जाणार म्हणे. जाऊ दे एकटी. एकटं फिरलं की माणूस ताळ्यावर येतो."

सुलक्षणानं साखरेचा डबा काढायला कपाट उघडलं. डबा काढला की मागं वाटी दिसायचीच. तिनं खोबरं हातात घेतलं. बुरशी अंगठ्याला लागली – मऊ, किंचित ओली, गार. गार. हे तिला लगेच कळलं, तेव्हाच, पुढच्या थांब्यावर नाही. दूध वर आलं. तिनं स्टोव्ह बंद केला. कप तसेच ओट्यावर राहिले. खोबरं परत वाटीत टाकून, एका हातात ती वाटी घेऊन तिनं पडदा सारला आणि दोघांच्या समोर, बैठकीत पुरुष उभे राहतात तशी, उभी राहिली.

काशीरामनं वाटी पाहिली. त्याची मान अगदी हलकेच, नको नको अशी हलली.

"चहा कुठाय गो?" धाकू म्हणाला.

पोरांना निरीक्षण सांगताना यायचा तोच आवाज तिच्या तोंडून आला, सपाट, स्पष्ट. तिनं वाटी धाकूच्या पुढ्यात धरली.

"धाकूदादा, माझ्या वाटचं मी खाल्लेलं नाही. खाणार नाही. सोमवारी मी ताईबरोबर जाणार आहे."