नाय म्हाराजा

रेडीच्या खाणीवरची ती मालाची गाडी महायुद्धातून आलेली होती. सैन्याने लिलावात काढलेल्या असल्या गाड्यांना तेव्हा सगळे डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. ही मुळातच उंच. त्यात खाणीच्या वाटेवरचे दगड तिचं पोट खरवडायचे, म्हणून मालकाने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी चार पाटे घालून ती अजून वर उचललेली. तिच्याखाली मांडी घालून बसलं तरी डोकं आपटत नसे.

मी त्या गाडीत घमेल्याने लोखंडाची माती भरायचे आणि माझा नवरा सत्यवान ती गाडी दुरुस्त करायचा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. त्या दिवशी मी चारचौघांत त्याहून मोठा आगाऊपणा केला, तेव्हा नावाचं काय घेऊन बसलात!

बासष्ट सालचा शिमगा नुकताच झाला होता. बंदराबाहेर माती न्यायला बोट येऊन उभी राहिलेली आणि ऐन सकाळी गाडीचा मागचा मुख्य पाटा मोडला. मुकादम भाई नुसता उड्या मारत होता. "तिनसांजेक गाडी चालूक व्हयी. मालकाक काय तोंड दाखवू?"

पाटा बदलायचा तर गाडी उचलायची, चाक काढायचं आणि माणसाने खाली उताणं पडून बोल्ट सोडवायचे. पण खाणीवरचा जॅक कुठल्याशा लहान मोटारीचा. तो पुरेना. मग भाईने काय करावं? मुकादमाच्या खोलीसाठी जांभ्याचे चिरे येऊन पडले होते, त्यांच्यावर जॅक ठेवून त्याने गाडी वर घेतली, चासीखाली चिऱ्यांचे दोन खांब रचले, आणि जॅक काढून घेऊन गाडी त्या खांबांवर सोडली. चाकांना धोंडासुद्धा लावला नाही.

"अख्खी घरां चिऱ्यार उभी आसत," तो म्हणाला, "हिचा काय घेवन बसलास?"

आमच्याकडचा कुठलाही माणूस हेच म्हणाला असता. विहीर चिऱ्याची, देऊळ चिऱ्याचं, कुंपणाचा गडगासुद्धा चिऱ्याचा. पण माझ्या बापाचा जन्म चिरेखाणीत गेला आणि माझं लहानपण त्याला भाकरी पोचवण्यात. भिंत भार पसरून घेते. चासीची कड चार बोटांची, ती एकाच जागी रुतत राहते. शिवाय ते चिरे खाणीतून काढून आठवडासुद्धा झाला नव्हता. ऊनवारा खाल्ल्यावर चिरा कठीण होतो, तोवर कोवळाच. हे मला माहीत होतं आणि मी घमेलं हातात धरून गप्प उभी होते, त्याचा मला अजून राग येतो.

सत्यवानाने पाना उचलला. भाईने त्याला थांबवलं, नारळ मागवला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. पुरुषांनी टोप्या काढल्या. आमच्याकडे कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात; एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकाने जरी मोडता घातला तरी ते पुरं झालं असं कोणी मानत नाही. मोडता मात्र कोणी कधी घालत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गाडयेचा काम काढलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरांचा कायएक वाकडा होव दिव नको..."

"व्हय म्हाराजा!" हे मीही म्हटलं. मनापासून म्हटलं.

"चिऱ्यार उभी केलेली गाडी चिऱ्यारच ऱ्हांव दी रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

माझाच आवाज. एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. शेजारच्या राधाबाईने माझा पदर खेचला. भाई नारळ हातात धरून तसाच उभा.

"कोण ता?"

"मी. यशोदा. ह्यो चिरो कोवळो आसा. फुटतलो."

"इली सावित्री!" भाई हसला, आणि चारजण त्याच्याबरोबर हसले. "गो, वडाक फेऱ्यो मारूक जा. हय तुझा काय काम?"

"सावित्री यमाच्या मागसून गेली," मी म्हटलं. "मी आदीच वाट अडवतंय."

आता कोणी हसलं नाही. सत्यवान मान खाली घालून म्हणाला, "गप ऱ्हव गो." त्याचे कान लाल झाले होते. बायकोने सगळ्यांसमोर अब्रू घालवली असं त्याला वाटत होतं, आणि मला त्याचा लोळागोळा झालेला दिसत होता. अब्रूचं मग बघता आलं असतं.

"फाल्या कामार येव नको," भाई ओरडला. म्हणजे उद्यापासून माझी मजुरी बंद.

"फाल्याचा फाल्या बघतंय. भाई, देवाक गाऱ्हाणा तुमी घातलास. चिरे तुमी लावलास. तुमचो इतको इश्वास आसा, तर तुमीच जावा खाली. बोल्ट सोडव नकात. नुसते एक पान खाईपर्यंत पडान ऱ्हवा. मगे माझो घोव जातलो."

भाईने गाडीकडे बघितलं. मग चिऱ्यांकडे. मग उगाच खिशात हात घालून पानाची चंची चाचपली. पण पाऊल काही पुढे टाकलं नाही. सगळे त्याच्या पायांकडेच बघत होते.

सत्यवानाने पाना खाली ठेवला.

"बायल नको म्हणता म्हणान न्हय, भाई," तो म्हणाला. "तुमी सोता खाली जायनास म्हणान."

भाईचा आवाज उतरला. "मगे गाडी कशार ठेवतलास? माझ्या टकलेर?"

"खाडयेर होडयो दुरुस्तीक काढतत," मी म्हटलं. "होडयेखाली माणूस झोपता. थंय खंय चिरो दिसलो तुमका?"

खाडीवर होड्या बांधणारे दाजी मेस्त्री होते. मी आणि राधाबाईने आणखी सहा बायका घेतल्या आणि थेट त्यांच्याकडे गेलो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, "चिऱ्यार? शिरां पडो!" म्हणाले, आणि आपले फणसाचे चौकोनी ठोकळे काढून दिले. आम्ही ते डोक्यावरून आणले, प्रत्येकीच्या डोक्यावर दोन. मागून दाजी एक जाड फळी घेऊन आले.

आता सत्यवान बोलत होता आणि भाई ऐकत होता. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी धोंडे बसले. जॅकखाली फळी आली, तिच्यावर ठोकळे, आणि गाडी बोटभर वर उचलली. मग चिऱ्यांचे खांब लांब काठीने ढकलून पाडले. उजव्या खांबाचा वरचा चिरा एकसंध पडलाच नाही. त्याचे दोन तुकडे खाली आले, आणि त्यांच्यामागून ओंजळभर लाल भुगा. सत्यवानाने एक तुकडा उचलला, चिमटीत धरून दाबला, आणि हात लेंग्याला पुसला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच रडले असते.

चासीखाली ठोकळे रचले, दोन आडवे, त्यांच्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे, होडीखाली रचतात तसे. गाडी त्यांच्यावर सोडली. नारळ अजून फोडायचाच होता. भाईने पुन्हा सुरुवात केली, या वेळी जरा हळू.

"बा देवा म्हाराजा... लाकडार उभी केलेली गाडी लाकडारच ऱ्हांव दी रे म्हाराजा..."

कोणी काही म्हणेना. दाजी, राधाबाई, टोप्या काढलेले ते सगळे पुरुष माझ्याकडे बघत राहिले. सत्यवानसुद्धा.

मी पदर खोचला, पुढे गेले आणि गाडीला खांदा लावला. आठही बायकांनी लावला. सगळा जोर काढून आम्ही गाडी हलवली, एकदा, दोनदा, तीनदा. ठोकळे जागचे हलले नाहीत.

मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आणि सत्यवान खाली गेला.