शिंप्याने माझे माप घेतले

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. प्लास्टिकचा नव्हे, आणि कपडे भिजवायचा तर मुळीच नव्हे. मी अंघोळीचा टब आहे, बिडाचा, चार पायांचा, आणि मला उचलायला चार धडधाकट माणसे लागतात. हे मी जरा फुशारकीनेच सांगतो आहे. पण ज्याला स्वतःचे पाय आहेत, त्याने एवढी ऐट केली तर बिघडले कुठे?

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. लालबुंद रस साच्यात ओतला आणि मी आकाराला आलो. आतून मला पांढराशुभ्र, चकचकीत लेप मिळाला. पाय मात्र वेगळे ओतले होते, वाघाच्या पंजांसारखे. ओतीव पाय कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या ओताऱ्याने एकेक पाय माझ्या एकेका कोपऱ्याला घासूनपुसून बसवला आणि छिन्नीने खुणा केल्या. पहिल्या पायाला एक खाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. माझ्या पोटाखालीही त्या त्या कोपऱ्यात तितक्याच खाचा. "यांची अदलाबदल केलीत, तर हा जन्मभर लंगडेल बरं का," असे तो शेजारच्याला म्हणाला होता.

पुढे मी एका विश्रामगृहात नोकरीला लागलो. काय दिवस होते ते! प्रवासाने आंबलेली माणसे माझ्यात बसत आणि मऊ होऊन बाहेर पडत. एक लठ्ठ साहेब दर महिन्याला येई आणि गळ्यापर्यंत पाण्यात बुडून एकाच गाण्याची एकच ओळ तासभर गात असे. पुढची ओळ मला अजूनही ठाऊक नाही. जाताना तो माझ्या काठावर थाप मारून म्हणायचा, "वा रे पठ्ठ्या!" मी दिवसभर त्या थापेवर खूश असे.

मग फवारे आले. उभ्याउभ्या अंघोळ करणारी, घाईतली माणसे आली. मला मागच्या अंगणात काढून ठेवले आणि एके दिवशी एक गवळी गाडीत घालून घेऊन गेला. त्याच्या गोठ्यात मी वासरांना पाणी पाजू लागलो. खोटे कशाला बोलू, पहिले काही दिवस मला फार वाईट वाटले. पण वासरांच्या खरबरीत जिभांनी गुदगुल्या होत, आणि ती पाणी पिताना इतकी खुशीत शेपट्या हलवत की माझा रुसवा टिकला नाही.

आणि तिथेच मला शिंपी भेटला.

तो आला होता गवळ्याच्या कोटाचे माप घ्यायला. मला पाहिले आणि गवळ्याला हात वर करून तसाच उभा ठेवून तो माझ्याकडे धावला. त्याने आत हात घालून खोली पाहिली.

"खांद्यापर्यंत पाणी येईल हो यात!" तो म्हणाला. "दुकानातले टब म्हणजे नुसत्या पराती."

त्याची बायको तीस वर्षे पोहायला शिकवत होती. सगळे तिला मासोळीबाई म्हणत. तिच्या गल्लीतले लहानथोर सगळे तिच्या हाताखालून गेलेले. एक लांब शिट्टी वाजली की पाण्यात उतरायचे, दोन आखूड वाजल्या की बाहेर यायचे, हा तिचा नियम. फक्त एक माणूस तिला कधी शिकवता आला नाही. तो म्हणजे शिंपी. पाणी पाहिले की तो चार हात लांब उभा राही. वर्षापूर्वी मासोळीबाई जिन्यात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण तलावाच्या शिडीवरून उतरणे बंद झाले. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्यात बसायला सांगितले होते. पण बाईने शिट्टी खिळ्याला अडकवली आणि पाण्याचे नावच टाकले. हसणेही कमी केले. शिंप्याला ते बघवत नव्हते.

गवळ्याला कोट शिवून मिळाला आणि शिंप्याला मी. निघण्यापूर्वी त्याने गळ्यातली टेप काढून माझे रीतसर माप घेतले, वहीत लिहिले, आणि घरी जाऊन न्हाणीघराच्या दाराचेही घेतले. सगळे ठीक होते. दोन दिवसांनी मी त्याच्या न्हाणीघराच्या दारात पोहोचलो आणि तिथेच अडकलो.

मासोळीबाईचा धाकटा भाऊ प्लंबर. नळाचे काम त्याच्याकडेच होते. त्याने मेव्हण्याची वही उघडली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊजी, हे काय? उंची, छाती, कंबर? टबाची कंबर कोण मोजतं? काठ मोजायचा, काठ!"

"अरे, माणूस अडतो तो कंबरेलाच," शिंपी पडेल आवाजात म्हणाला.

मित्रांनो, माझी कंबर सव्वीस इंच, दार अठ्ठावीस आणि माझा काठ तीस. माणसांना असा काठ नसतो, ही काही माझी चूक नव्हे.

मासोळीबाई काठी टेकत आली. "परत पाठवा त्याला," ती म्हणाली. "माझ्यासाठी भिंती फोडत बसू नका. माझं पाण्याशी संपलंय." ती वळून आत गेली. शिंप्याचा चेहरा इतका उतरला की मला त्याला सांगावेसे वाटले, अहो, मीही परत जाणार नाही. गोठ्यात माझ्या जागी सिमेंटचे टाके आले होते. इथून निघालो असतो तर थेट भंगारात.

"ताईचं मनावर घेऊ नका," प्लंबर म्हणाला. "याचे पाय काढू, कुशीवर करू. बघा कसा जातो ते."

बोल्ट गंजले होते. तेल सोडले, तासभर वाट पाहिली, आणि ते कुरकुरत सुटले. मग मला कुशीवर वळवून चौघांनी आत सरकवले. मी लोण्यासारखा गेलो! प्लंबरला इतका चेव चढला की त्याने माझे पाय घासले आणि त्यांच्यावर काळ्या रंगाचे दोन जाडजूड हात दिले. पाय देखणे झाले. खाचा मात्र रंगाखाली गडप झाल्या.

मला उभे केले आणि मी डुगडुगू लागलो. प्लंबरने सपाटी पाहायला काठावर पाणसळ ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. एका पायाखाली लाकडाची चकती घातली, तर दुसरा पाय उचलला गेला. मी ओरडून सांगत होतो, पाय चुकलेत, पाय! पण टबाचे ओरडणे कोणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात मासोळीबाई दाराशी आली. तिने माझ्या काठावर हात टेकला. मी कललो. तिने हात चटकन मागे घेतला आणि निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एकदा पडलेले माणूस डुगडुगत्या टबात कसे बसणार?

शिंपी खाली बसला. काही सुचत नसले की तो कापडावरून बोटे फिरवत असे. कापड नव्हते, म्हणून त्याने माझ्या पायावरून फिरवली. बोटे थांबली.

"इथं काहीतरी लागतंय," तो पुटपुटला. "आतल्या शिवणीसारखं. एक, दोन, तीन."

त्याने दुसरा पाय चाचपला. चार. मग चक्क पालथा पडून त्याने माझ्या पोटाखाली हात घातला आणि ओरडला, "अरे, खुणा आहेत! तीनचा पाय तू चारला लावलायस!"

प्लंबरने रंग खरवडून पाहिले आणि जीभ चावली.

"आता बोला," शिंपी म्हणाला. "कंबर मोजणाऱ्याला नावं कोणी ठेवली?"

पाय आपापल्या कोपऱ्यात बसले. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला. मी इतका घट्ट उभा राहिलो की शिंप्याने मला धक्का दिला तेव्हा तोच मागे सरकला. मग भिंतीला धरायला दांडी बसली, शेजारी पायरी आली, नळ जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाने ताईचा हात माझ्या काठावर ठेवला. तिने दाबून पाहिले. आणखी जोरात दाबले. मी जागचा हललो नाही. तिने खिळ्यावरची शिट्टी काढून गळ्यात घातली. "मदत लागली तर वाजवीन," ती म्हणाली आणि दार लोटून घेतले. पोहण्याचा जुना पोशाख शिंप्याने गुपचूप उसवून सैल करून ठेवला होता. तो घालून, दांडी धरून ती पायरी चढली, आत उतरली, आणि कोमट पाणी तिच्या खांद्यापर्यंत आले. तिचे दुखरे अंग पाण्याने अलगद उचलले. "आई गं," ती इतकेच म्हणाली आणि हसू लागली. मला तर पुन्हा भट्टीत घातल्यासारखी ऊब आली!

बाहेर शिंपी येरझाऱ्या घालत होता. न राहवून त्याने गिऱ्हाइकाला विचारतो तसेच विचारले, "कुठे काचतंय का?"

"नाही हो. अगदी अंगाबरोबर बसलंय."

आणि मग शिट्टी वाजली. एक, लांब.

शिंपी घाबरून आत आला. "काय झालं? दुखतंय?"

"एक शिट्टी म्हणजे काय?"

"पाण्यात उतरायचं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मग? साऱ्या गावाला शिकवलं, नवरा तेवढा कोरडा राहिला. चला, आधी नुसते पाय."

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या काठावर बसला, डोळे मिटले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. गळ्यातल्या टेपचे टोकही भिजले. पहिल्यांदा त्याने दांडी घट्ट धरली होती. थोड्या वेळाने त्याने ती सोडली आणि बायकोचा हात धरला.

मित्रांनो, आता माझे एवढे ऐका. जुनी वस्तू डुगडुगली म्हणून लगेच फेकू नका. तिला एकदा उलटी करून बघा, पोटाखालून हात फिरवा. ज्याने ती घडवली त्याने तुमच्यासाठी काही खूण ठेवली असेल. आणि माझ्यासारख्याला खरखरीत घासणीने घासू नका, मऊ फडक्याने पुसा. आम्हालाही लागते.

आणखी पुष्कळ सांगायचे होते. पण थांबा, शिट्टी वाजली. लांब आहे. आणि पाहा, आज शिंपी टेप काढून ठेवून येतो आहे.