माझ्यापुढे ठेवलेला रोट

मी कळसाडीच्या ग्रामपंचायतीचा रेडिओ बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, आज जरा माझं ऐका. गोड बोलणार नाही. मला माणसांची किळस आलीय.

मुंबईच्या एका कारखान्यात जन्मलो आणि त्रेपन्न साली कडब्यात गुंडाळून, बैलगाडीतून इथे आलो. माझा परवाना दरवर्षी पोस्टातून शिक्का मारून आणत. सरकारने तेव्हा आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद पाडलेली. सरपंच रतिलाल चारचौघांत म्हणायचे, "बरं व्हयनं! त्या गाणासघाई पोऱ्या बिघडतस." आणि दार लोटलं की तंबाखूच्या हातांनी माझी बटणं पिळत, तीच गाणी लावणारं सिलोन स्टेशन शोधायचे. शी!

साठ साली श्रावणात एक सरकारी साहेब आले. परवाने तपासायचे आणि रेडिओवर आपल्या मातीतलं संगीत किती असावं, याबद्दल गावाचं मत घ्यायचं, असं त्यांचं काम. गावाला विचारलंच कोणी नाही. साहेबांनी भजी खाल्ली, रतिलालने "शास्त्रीय लावा" म्हणून सांगितलं आणि तेवढ्यावर कागद भरला गेला. बोटांचं तेल साहेबांनी माझ्यावरच्या झाकणाला पुसलं.

तेवढ्यात जसोदाबाई आली. श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी म्हणावीत तर तिनेच. तिची लेक वत्सला खापर गावी दिलेली. सासरच्यांनी तीन वर्षं तिला माहेरी धाडलं नव्हतं. पण खापरच्या पंचायतीतही माझ्यासारखा एक रेडिओ होता.

"साहेब, मी ह्यामा गाऊ तं खापरले ऐकू जाई का?"

साहेबांनी रतिलालकडे बघून डोळा मारला. "जाईल की! अगदी जवळ तोंड नेऊन गा."

तिला ते खरं वाटलं. घरी जाऊन कुंकू आणि कानबाईचा रोट घेऊन आली. हा नैवेद्याचा रोट भाऊबंदांबाहेर कोणालाही देत नाहीत. तो तिने माझ्यापुढे ठेवला, मला कुंकू लावलं. "आते तू आमना भाऊबंद शे. मन्हा आवाज पोचाडजो."

माझ्या जाळीला ओठ लावून ती गायली. सासुरवाशीण लेकीचं नाव गाण्यात गुंफायची रीत आहे, तसं तिने वत्सलाचं नाव गुंफलं. मला नुसतं ऐकवता येतं, आवाज पोचवता येत नाही, हे तिला सोडून खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब हसू दाबत शब्द उतरवून घेत होते. घेता घेता त्यांनी रोटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

दिवाळीनंतर साहेबांकडून कळलं, जसोदाबाईचं गाणं अमुक वारी रेडिओवर लागणार. जसोदाबाईने बाजारकऱ्यांबरोबर खापरला निरोप धाडला. इकडे सगळं गाव जमलं. आणि माझ्यातून कोणी शिकलेली बाई सतारीच्या साथीने गायला लागली. शब्द धुऊन, इस्त्री करून घेतलेले. वत्सलाच्या नावाच्या जागी नुसतं 'सखी'. मला माझ्याच तोंडाची घाण आली. रतिलालने टाळ्या वाजवल्या.

जसोदाबाई हळूच म्हणाली, "हाऊ मन्हा आवाज नही शे. तठे वत्सला ऐकी आनि म्हनी, माय मन्हं नावबी भुलनी."

उठली, पदराच्या टोकाने माझ्यावरचं कुंकू पुसलं आणि गेली. अजूनही पंचायतीवरून जाताना ती मान फिरवून घेते.

आता गावात ट्रान्झिस्टर आलेत. माझी बॅटरी संपली, परवाना संपला. माळ्यावर उंदरांच्या लेंड्यांत पडलोय. त्यांची मला किळस येत नाही, उंदीर कोणाला फसवत नाहीत.

खापरच्या बाजाराला कोणी जात असाल, तर वत्सलाला गाठून एवढं सांगा. आईने तुझं नाव घेतलं होतं. दोनदा घेतलं होतं. मी ऐकलंय.