न तापणारा पाय

मित्रांनो, मी एक जुनी रबरी शेकपिशवी आहे. जुनी म्हणा, गळकी म्हणाल तर खबरदार! कारखान्याच्या साच्यातून निघाले तेव्हा लालभडक होते. आता रंग विटला, पण अजून थेंब सांडत नाही. या घरातल्या आजोबांची कंबर, सुनेचं पोट, सगळ्यांची दुखणी मीच शेकली. आजी म्हणायच्या, "औषधापेक्षा हिचा गुण मोठा." मग विजेवर तापणारी गादी आली आणि मी खुंटीला लागले.

घरात एक मांजर आहे. दिवसभर गस्त घालते म्हणून तिचं नाव हवालदारीण. तिचं हृदय दुखणाईत आहे, हे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. एका सकाळी ती जोरात ओरडली आणि मागचा पाय ओढत चालू लागली.

"माळ्यावरून उडी मारली असेल मेलीने. मुरगळलाय. शेक द्या," आजी म्हणाल्या.

"गादी लावू?" सुनेने विचारलं.

"वायर कुरतडेल ती. माझी पिशवी काढ."

मी अभिमानाने फुगले. सुनेने माझ्यात गरम पाणी भरलं आणि मांजरीचे दोन्ही मागचे पाय माझ्यावर ठेवले. बराच वेळ झाला, तरी दुखरा पाय गारच.

"आई, पिशवी म्हातारी झाली तुमची. धग उरली नाही हिच्यात," सून म्हणाली.

माझ्या जिवाला झोंबलं. आजींच्याही.

"म्हातारी म्हणे! मग हा दुसरा पाय ऊन कशाने झाला, तुझ्या बोलण्याने?" आजी फणकारल्या आणि एकदम थबकल्या. त्यांनी दोन्ही पंजे हातात घेतले. एक गुलाबी, उबदार. दुसरा पांढराफटक. "अगं, मुरगळलेला पाय तापतो. हा तर बर्फ आहे! टोपली आण, नीघ!"

घाईघाईत मांजरीबरोबर टोपलीतून मीही दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या जांघेत बोटं ठेवली. नाडी लागेना. सोनोग्राफीत हृदयाच्या कप्प्यात रक्त धुरासारखं घुमताना दिसलं.

"इथे रक्ताची गुठळी झाली, ती पायाच्या वाहिनीत अडकलीय. लवकर आणलंत. पण शेक नको हं. या पायाला चटका कळत नाही, कातडी भाजेल."

ऐकून मीच गार पडले.

पुढचे दिवस घोराचे गेले. मग हळूहळू पंजा उबदार झाला. आता गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी चालते. गोळी देताना हवालदारीण आजींना ओरबाडते, आणि आजी तिला शिव्या देत चारही पंजे चाचपतात.

मित्रांनो, तुमच्याही मांजराचं हृदय दुखणाईत असेल, तर त्याचे पंजे रोज हातात घ्या. एखादा गार लागला, तर मला खुंटीवरच राहू द्या. टोपली काढा.