बरोबर जागचे ‘हूं’

मी एक जुना, लहान चणीचा स्पीकर आहे. खरे म्हणजे आम्ही दोघे आहोत. मी डावा आणि माझा जोडीदार उजवा. आम्हाला एकेकटे कोणी विकत घेत नाही. मित्रांनो, आज बोलायची पाळी मी मागून घेतली आहे. उजवा म्हणाला, तू बोल, मी ऐकतो. ऐकणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे आम्हा दोघांना झाशीत कळले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दाबलेल्या लाकडी भुशाची फळी कापून माझी पेटी केली. तिच्यात कागदाचा पडदा बसवला आणि त्याच्या कडेने रबराची झालर लावली. पडद्याच्या वर रेशमी कापडाची एक टिकली आहे, कुंकवाच्या मोठ्या टिकलीएवढी. ढोल, मृदंग, पुरुषाचा भरदार आवाज असे सगळे जाड स्वर माझ्या पडद्यातून येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ अशी बारीक अक्षरे मात्र त्या टिकलीतून निघतात. माणसाचे बोलणे कळते ते बहुतेक या बारीक अक्षरांमुळे. पण दुकानात येणारा कोणी टिकलीची चौकशी करत नाही. सगळे विचारतात, धमक किती आहे?

धमक आमच्यात बेताचीच होती. म्हणून किंमतही बेताची होती.

झाशीत सीपरी बाजारात मुकुल भैयांचे दुकान आहे. पुढच्या फळीवर उंच, काळे, दिवे लुकलुकणारे स्पीकर उभे असत. आम्हाला मागच्या खोलीत दोन स्टुलांवर ठेवले होते. त्या खोलीत मुकुल भैयांच्या भावाच्या रजयांचा साठा असे. भिंतीला टेकून छतापर्यंत रजया. आमच्यावर कापसाची लव बसायची. एकदा एका गिऱ्हाइकाच्या लेकीने माझी टिकली बोटाने दाबली आणि ती आत गेली. मुकुल भैयांनी चिकटपट्टी लावून ती हळूच बाहेर ओढली. खळग्याची खूण अजून आहे. अशी आमची किती वर्षे गेली, त्याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नव्हता. लोक यायचे, पुढचे ऐकायचे, पुढचे घेऊन जायचे.

आता ज्यांच्या घरी आम्ही आलो, त्यांची गोष्ट सांगतो. दतिया गेटजवळ अंबिकाकाकू राहतात. त्यांचे माहेर झाशीतलेच, जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे यजमान यशवंतराव साताऱ्याकडचे. तोफखान्यात सुभेदार होते, झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत बदली होऊन आले आणि इथलेच झाले. आयुष्य तोफांच्या आवाजात गेले, त्यात कान मंद झाले. जाड आवाज पोचतो, बारीक अक्षरे गळून पडतात. ‘सात’ म्हटले काय आणि ‘ताट’ म्हटले काय, त्यांना दोन्ही सारखेच. डॉक्टरांनी कानाचे यंत्र दिले होते. ते त्यांनी डबीत घालून कपाटात ठेवले. म्हणायचे, यात सगळे घर किंचाळते.

काकूंचा आवाज मुळातच हलका. रोज दिवा लागला की त्या पोथी वाचतात आणि श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीची कहाणी सांगतात. कहाणी सांगायला ऐकणारा लागतो. त्याने हातात अक्षता धरायच्या, मधून मधून ‘हूं’ म्हणायचे आणि कहाणी संपली की अक्षता वाहायच्या. पूर्वी आळीतल्या चार जणी यायच्या. कोणी मुलांकडे दूर गेल्या, कोणी राहिल्याच नाहीत. लेक उर्वी बँकेतल्या नोकरीमुळे संध्याकाळी उशिरा घरी येते. उरले यशवंतराव. त्यांना ही कहाणी फार आवडायची. कहाणीतली राणी खोटे बोलते, त्या जागी ते ‘हूं’ म्हणायचे सोडून मोठ्याने शेरा मारायचे आणि काकू डोळे वटारायच्या. असे दर श्रावणात व्हायचे.

मग शेरा थांबला. नुसते ‘हूं’ उरले. मागच्या श्रावणात कहाणी सांगता सांगता काकूंना ठसका लागला. त्या म्हणाल्या, “अहो, जरा पाणी देता का?” यशवंतराव अक्षता धरून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “हूं.”

काकूंनी उठून स्वतःच पाणी घेतले. त्या रागावल्या नाहीत. पण त्यांना कळले की हे ‘हूं’ मायेने दिलेले आहे, कहाणी ऐकून नव्हे. त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांनी मनात पक्की धरली. पुढच्या श्रावणात खरे ‘हूं’ हवे.

वर्ष सरले. झाशीच्या बाजारात सावन लागला, देवळांत गर्दी झाली. पण काकूंच्या पंचांगातला श्रावण पंधरा दिवस उशिरा येतो. शेजारीण राधाबाई दर वर्षी थट्टा करायच्या, “तुझे देव महाराष्ट्रातून पॅसेंजरने येतात वाटतं.” या वर्षी तो उशीर काकूंच्या कामी आला. तेवढ्या दिवसांत घरात स्पीकर यायला हवे होते. मोठ्याने ओरडून उपयोग नाही, स्वच्छ बोलणे कानावर पडायला हवे, असे डॉक्टर म्हणाले होते. आणि ओरडून कहाणी सांगणे काकूंना या जन्मात जमले नसते.

त्या उर्वीला घेऊन दुकानात आल्या तेव्हा त्यांचा सोमवार होता. मुकुल भैयांनी चहा मागवला, तो त्यांनी हात जोडून नाकारला. भैयांनी पुढच्या उंच स्पीकरवर लग्नातले एक गाणे लावले. काउंटरची काच थरथरली.

“माताजी, बेस देखिए, बेस! पूरा मोहल्ला सुनेगा.”

काकू हळूच म्हणाल्या, “मोहल्ले को नहीं सुनाना है, भैया. एक आदमी को सुनाना है.”

मग त्यांनी उर्वीच्या फोनमध्ये भरलेले स्वतःचे वाचन लावायला सांगितले. उंच स्पीकरमधून काकूंचाच आवाज असा घुमत आला की उर्वीला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, “मी विहिरीत पडून बोलतेय असं वाटतंय.” भैयांनी दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. काकू प्रत्येकासमोर डोळे मिटून बसायच्या, शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मान हलवायच्या. भैयांचा धीर सुटत चालला, काकूंचा सुटला नाही. शेवटी भैया संकोचाने म्हणाले, मागे एक जुनी जोडी आहे, पण ती मुलांच्या खोलीसाठी.

भैयांनी दोघींना रजयांच्या खोलीतच आणले. आमच्यावरची लव पुसली गेली. वायरी जोडल्या. आणि काकूंचा आवाज माझ्यातून आणि उजव्यातून निघाला. तो आमच्या पेट्यांपाशी राहिला नाही. आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच नव्हते, तिथे जणू काकूच बसून वाचत होत्या. एकेक ‘श’ सुटा, एकेक ‘त’ सुटा.

काकूंनी डोळे उघडले. “हेच.”

“आई, आणखी एक दुकान बघू ना,” उर्वी म्हणाली. “इतने छोटे हैं.”

“खोली पण छोटीच आहे, बेटा.”

मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, माझे दिवस फिरले. पण घरी आल्यावर आमची फजिती झाली.

काकूंच्या बैठकीच्या खोलीत दगडी फरशी आहे, भिंती उघड्या, खिडकीत कूलर. पश्चिमेच्या भिंतीपाशी देवघर. देवांकडे कोणाची पाठ होऊ द्यायची नाही, हा काकूंचा नेम. म्हणून आम्हाला देवघराच्या दोन बाजूंना, अगदी कोपऱ्यात, लोखंडी कपाटांवर ठेवले. हळदकुंकू लावले. मग वाचन सुरू झाले आणि मला माझीच लाज वाटली. कोपऱ्याने माझा जाड आवाज दुप्पट केला, कपाटाचा पत्रा गुणगुणायला लागला, आणि बारीक अक्षरे दगडी फरशीवर आपटून एकमेकांत मिसळली. दुकानात स्वच्छ होते ते सगळे इथे गढूळ झाले.

यशवंतराव खुर्चीत बसून ऐकत होते. काकूंनी विचारले, कसे आहे?

“छान आहे,” ते म्हणाले. आणि थोडे थांबून, बायकोचा चेहरा बघून, “हूं” म्हणाले.

तेच जुने ‘हूं’.

राधाबाई दारातून डोकावल्या. “काय गं अंबिका, तुझ्या देवांना डीजे लागला का?” उर्वीने खोके शोधायला घेतले. आठवड्याच्या आत परत नेले तर भैया बदलून देणार होते. आमचे पुन्हा रजयांच्या खोलीत जाणे ठरल्यासारखेच झाले.

पण रजयांवरूनच काकूंच्या मनात काहीतरी आले. त्या खोलीभर हळूहळू फिरल्या. भिंतीवर बोटाने टिचकी मारली, टाळी वाजवून बघितली. टाळी खणखणत परत आली.

“उर्वी, खोकं राहू दे. दुकानात यांच्या चारी बाजूंना रजया होत्या. आपल्याकडे दगड आहे. मी यांना निवडलं, पण खोलीचा विचारच केला नाही. यांचं काही चुकत नाही.”

“मग काय, खोली बदलणार?”

“हो.”

त्या एका शब्दात इतका ठामपणा होता की माझी टिकली शहारली. दुसऱ्या दिवशी फरशीवर जाड सतरंजी आली. रिकाम्या भिंतीवर, सासूबाईंनी शिवलेली जुनी गोधडी खिळ्यांना लटकली. पोथ्यांची आणि पुस्तकांची मांडणी मोकळ्या कोपऱ्यात गेली. पोथी वाचताना कूलर बंद ठेवायचे ठरले. झाशीच्या उकाड्यात हेही एक व्रतच होते. राहिला प्रश्न आमच्या जागेचा. आम्हाला कोपऱ्यातून काढून, भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर उभे करायला हवे होते, आणि यशवंतरावांची खुर्ची आमच्या समोर. कूलरची खिडकी एका बाजूला, दार दुसऱ्या बाजूला. जागा एकच उरत होती, देवघरापुढची. म्हणजे आमची पाठ थेट देवांकडे.

काकूंनी त्या दिवशी उपास केला. संध्याकाळी दिवा लावला, देवांची परवानगी मागत सुपारी ठेवली आणि बराच वेळ बसून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचे ठरले होते. देवघर पूर्वेच्या भिंतीशी न्यायचे, खुर्चीच्या शेजारी.

यशवंतरावांना हे पाटीवर लिहून दाखवल्यावर ते गोंधळले. “माझ्या कानांसाठी देव हलवणार?”

काकूंनी त्यांच्या अगदी जवळ जाऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितले, “अहो, देव पालखीत बसून गावभर हिंडतात. माझे देव खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जातील. माझं तोंड पूर्वेला येईल, ते बरंच झालं.”

देव हलले. राधाबाईंनी ‘शिव शिव’ म्हणत कानांवर हात ठेवले. मग त्यांनीच देवघराची दुसरी बाजू धरली, कारण ते जड होते.

पहिला शुक्रवार आला. सकाळी न्हाऊन, दिव्यासमोर बसून काकूंनी कहाणी फोनमध्ये भरली होती. यंत्रातली कहाणी व्रताला चालेल का, असे राधाबाईंनी विचारले. काकू म्हणाल्या, “सांगणारी मीच, दिवा हाच. ऐकणारा मिळाला तर चालेल. नाही मिळाला तर मी तोंडानं सांगितलेलीही चालली नसती.”

संध्याकाळी जिवतीचा कागद पुजला गेला. यशवंतराव खुर्चीत बसले. काकू प्रथमच त्यांच्या शेजारी, ऐकणाऱ्यांत, अक्षता धरून बसल्या. त्यांच्या बाजूला देव. सगळे आमच्या समोर. उर्वी त्या दिवशी लवकर आली होती. तिने कूलर बंद केला, आणि माझ्यातून काकूंचा हलका आवाज निघाला. मी एकही अक्षर सांडू दिले नाही.

सुरुवातीला यशवंतरावांची नजर काकूंच्या हाताकडे होती. एरवी ते तसेच करायचे. काकूंनी अक्षता वाहिल्या की आपणही वाहायच्या. मग त्यांची मान किंचित वर झाली. कपाळावरची आठी गेली. आणि, मित्रांनो, त्यांनी डोळे मिटून घेतले.

कहाणी पुढे चालली. “हूं,” ते म्हणाले. बरोबर जागी. मग पुन्हा, “हूं.” तेही बरोबर जागी. काकू हलल्याही नाहीत. राणी खोटे बोलते ती जागा आली. मी माझी टिकली सांभाळून तो शब्द सोडला.

“अगदी खोटारडी बाई आहे ही,” यशवंतराव डोळे न उघडता म्हणाले.

कहाणी चालू असताना बोलायचे नसते. काकू बोलल्या नाहीत. त्यांनी डोळे वटारलेही नाहीत, कारण ते भरून आले होते. कहाणी संपली. यशवंतरावांनी मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला आणि अक्षता वाहिल्या. काकूंच्या आधी.

आठवडाभराने ते डबीतले कानाचे यंत्रही बाहेर आले. गोधडीमुळे घर आता किंचाळत नाही, असे ते म्हणाले. आता बारीक अक्षरे त्यांना थेट पोचतात, म्हणून पोथी काकू पुन्हा तोंडाने वाचतात, आणि आम्ही दुपारी यशवंतरावांना कीर्तने ऐकवतो.

आता माझ्या पडद्याची झालर कडेने विरू लागली आहे. काकू कोरड्या, मऊ कापडाने माझी धूळ पुसतात आणि टिकलीला हात लावत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्यालाही असेच जपा. उन्हात ठेवू नका, कोपऱ्यात कोंडू नका. तो नीट बोलत नसेल तर फेकण्याआधी त्याच्याभोवतीची खोली एकदा बघा. आणि तुम्ही काही सांगत असताना घरातले कोणी ‘हूं’ म्हणाले, तर क्षणभर थांबा. ते बरोबर जागी आले का, तेवढे बघा.