ताईला

चेंडू चौथ्यांदा डावीकडच्या रेषेबाहेर आला आणि तिथे खुर्चीत बसलेल्या ताईच्या प्लास्टरवर आपटून थांबला.

"ताईंना घरपोच सेवा आहे वाटतं," समोरच्या संघाची गोलकीपर म्हणाली. तिच्या संघातल्या, रुग्णालयाच्या धुलाई विभागातल्या सगळ्या हसल्या.

ताईही हसली. तिच्या प्रयोगशाळेच्या संघाने वर्षभरात केलेल्या अकरा गोलांपैकी नऊ तिचे होते, आणि त्यामागची युक्ती एकच. चेंडू मिळाला की "ताईला" असं ओरडायचं आणि डाव्या कोपऱ्याकडे मारायचा. परवा जिन्यावरून पडून ताईचा घोटा मोडला. बाकीच्यांची सवय काही मोडली नाही.

पुढच्या महिन्यात तिची दुसऱ्या गावी बदली होती. अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आज हरलं तर स्पर्धेतून बाहेर, आणि तसं झालं तर आपल्यामागे या पोरी पुन्हा मैदानावर येतील असं तिला वाटत नव्हतं.

पाणी प्यायला थांबल्या तेव्हा ठरलं, तो शब्दच तोंडातून काढायचा नाही. पण मुक्याने खेळताना चेंडू द्यायचा कोणाला, हेच कोणाला सुचेना. दहा मिनिटं तो आपल्याच अर्ध्यात घुटमळत राहिला. ताईने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या.

शेवटी पिपेट चेंडू घेऊन निघाली. रक्ततपासणीच्या टेबलावरची ही काटकुळी बाई. तिथल्या काचेच्या बारीक नळीवरून पडलेलं नाव. गोलच्या जवळ येता येता तिच्या तोंडून निसटलंच, "ताईला!" तिने पाय उचलला आणि तिला समोर खुर्चीतली ताई दिसली. पिपेटला हसू फुटलं. पाय हवेतच राहिला.

धुलाईच्या तिघी मात्र केव्हाच डाव्या कोपऱ्याकडे धावल्या होत्या. महिनाभर त्यांनी ताईला अडवण्याचाच सराव केला होता. गोलकीपरही त्याच बाजूला झुकली होती. पिपेटने चेंडू हलकेच सरळ गोलमध्ये ढकलला.

तेवढ्या एका गोलावर सामना संपला. मिठ्या मारून झाल्यावर पिपेट धापा टाकत ताईपाशी येऊन गवतात बसली. मागोमाग बाकीच्याही आल्या. कोणी चेंडू हिसकावला, कोणी कुठे धावलं, सगळ्या एकदम सांगू लागल्या.

"ताई, तुला इथून नीट दिसलं का गं?" पिपेटने विचारलं.

ताईने पापणीही न लवता सगळं पाहिलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली आणि पुढे वाकली. "सांग ना. अगदी पहिल्यापासून."